पाणथळ ‘अधिसूचित’ नाही, म्हणजे बांधकामाला मोकळीक आहे का?

प्रश्न : उरण तालुक्यातील एका गृहप्रकल्पात सदनिका घेण्याचा आमचा विचार आहे. प्रकल्पाच्या मागील कुंपणापलीकडे भरतीचे पाणी येते, थोडी खारफुटी आहे आणि हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात. विक्री प्रतिनिधी सांगतात की, ही पाणथळ अधिसूचित नाही, सातबाऱ्यावरही तशी नोंद नाही, त्यामुळे नियम लागू होत नाहीत. पैसे भरण्यापूर्वी हे कसे पडताळावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सातबाऱ्याचा मुद्दा प्रथम बाजूला ठेवू. तो महसुली अभिलेख आहे. त्यात खाजण (भरतीच्या पाण्याखाली येणारी खारी जमीन) किंवा पोटखराबा (लागवडीस अयोग्य जमीन) अशी नोंद आढळली तर ती उपयोगी खूण आहे, पण नोंद नाही म्हणून जमीन पाणथळ नाही असे ठरत नाही.

‘अधिसूचित नाही’ हे विधान मात्र अर्धे खरे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. पाणथळ जागांविषयीचे २०१७ चे केंद्रीय नियम रामसर स्थळांना, म्हणजे आंतरराष्ट्रीय रामसर कराराखाली नोंदलेल्या पाणथळींना (आपल्याकडे नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी) आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळींनाच थेट लागू होतात. तथापि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, इस्रोच्या नकाशासंग्रहात नोंदलेल्या, २.२५ हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना २०१० च्या नियमांतील चौथ्या नियमाच्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यावे, असा आदेश दिला. म्हणजे अधिसूचना निघालेली नसली, तरी त्या संग्रहात नोंद असलेल्या जागेवर भराव टाकण्याची मोकळीक मिळत नाही. मिठागरे आणि भातशेती मात्र २०१७ च्या नियमांतील व्याख्येतूनच वगळलेली आहेत, हे विकसकाच्या बाजूने सांगितले पाहिजे.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न याहून वेगळा आहे. जेथे भरतीचे पाणी येते, तेथे बहुधा सागरी किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, नियम पाहावे लागतात आणि २०१७ चे पाणथळ नियम असे क्षेत्र स्वतःच्या कक्षेबाहेर ठेवतात. त्यामुळे ‘पाणथळ नियम लागू नाहीत’ हे वाक्य अक्षरशः खरे असूनही जमीन अधिक कडक नियमांखाली असू शकते. खारफुटीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, जमिनीची मालकी कोणाचीही असो, कांदळवनाच्या, म्हणजे खारफुटीच्या, सर्व बाजूंनी ५० मीटरपर्यंत बांधकाम करता येणार नाही. कुंपणापासून इमारतीच्या पायापर्यंतचे अंतर तुम्ही विचारले आहे का?

पडताळणीची सुरुवात गट क्रमांकापासून करावी, प्रकल्पाच्या नावापासून नव्हे. तो क्रमांक घेऊन मंजूर किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात जागा कोठे येते ते पाहावे. मात्र संकेतस्थळावरील नकाशावर डोळ्यांनी काढलेला निष्कर्ष पुरेसा नसतो. विकसकाकडे अधिकृत संस्थेने १:४००० प्रमाणात तयार केलेला, गट क्रमांक आणि भरती रेषा एकत्र दाखवणारा नकाशा मागावा. जागा सीआरझेडमध्ये येत असेल, तर संबंधित मंजुरीचे पत्रही मागावे. नियोजन प्राधिकरणाकडून (उरणच्या बऱ्याच भागात ते सिडको आहे) त्या गटाचा झोन दाखला, म्हणजे विकास आराखड्यात ती जमीन कोणत्या वापरासाठी आहे हे सांगणारा दाखला, मिळतो. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा अधिक असेल, तर पर्यावरण मंजुरी लागते आणि तिचे पत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर शोधता येते. पत्र आहे एवढ्यावर न थांबता त्यातील अटी वाचाव्यात, कारण भराव, नाले आणि पाण्याचा निचरा यांविषयीची बंधने तेथेच लिहिलेली असतात. महारेराची नोंदणी आवश्यक आहे, परंतु ती या साऱ्या तपासणीची हमी नव्हे.

आज कोरडी दिसणारी जागा पूर्वीही कोरडीच होती असे मानू नये. उघाडी (खाडीचे पाणी आत-बाहेर जाण्याची झडप) बंद केली किंवा खाडीच्या तोंडाशी भराव पडला, की काही वर्षांत खाजण मैदानासारखे दिसू लागते. गूगल अर्थवरील जुन्या वर्षांची उपग्रहचित्रे, शक्यतो भरतीच्या वेळची, जरूर ताडून पाहावीत.

कागद मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करावा; उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. तोपर्यंत घाई करण्याचे कारण नाही, कारण विक्री कराराची नोंदणी होण्यापूर्वी विकसकाला सदनिकेच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही.