कॅटनच्या पहिल्या दोन वसाहती
शनिवारी इंदूरच्या रामबागेत आमच्याबरोबर प्रथमच कॅटन हा पटावरचा खेळ खेळायला बसाल, तेव्हा सर्वाधिक विचार पहिल्या दोन वसाहतींच्या जागेचा करा, कारण विजयाच्या 10 गुणांपर्यंतची वाट बहुधा तिथेच ठरते. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 6 आणि 8 यांच्या वाट्याला प्रत्येकी 5 येतात, तर 2 आणि 12 यांच्या वाट्याला केवळ एकेक. फाशांवर पडलेला आकडा पटावरच्या ज्या षट्कोनावर असेल, तो शेजारच्या वसाहतीला माल देतो. म्हणून वसाहतीला लागून असलेल्या तिन्ही षट्कोनांची एकत्रित शक्यता मोजा, आणि रस्त्यांसाठी विटा व लाकूड मिळेल हेही पाहा. फाशांवर 7 पडल्यास मालाचे सातांहून अधिक पत्ते असणाऱ्याला निम्मे टाकावे लागतात, तेव्हा फार साठवू नका. देवाणघेवाणीत मोकळेपणाने बोला. गप्प बसणारा खेळाडू मला खरोखर खटकतो. सराफ्याच्या खाऊबाजारात खायला जाण्याची घाई मात्र डाव संपेपर्यंत करू नये, ही विनंती.