टोकन देण्याआधी खालच्या मजल्यावर जाऊन ये

प्रिय मित्रा,

भाड्याने द्यायला तू घेऊ पाहतोयस त्या कोथरूडच्या फ्लॅटचे फोटो आणि तुझा हिशेब, दोन्ही पाहिले. 1984 ची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, टू बीएचके, कार्पेट 500 चौरस फूट, किंमत 60 लाख. भाडं महिना 20 हजार धरून तू वर्षाला 4 टक्के परतावा काढलास. आधी तो आकडा ताळ्यावर आणू.

पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. खरेदी बाईच्या नावावर असेल तर त्यात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजार. दलाली, वकील आणि सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम मिळून लाखभर धर. हा प्रीमियम महापालिका हद्दीत 25 हजारांच्या वर घेता येत नाही, कमिटी काहीही म्हणो. दुरुस्तीला 5 लाख. एकूण 70 लाख 50 हजार झाले. भाडं 11 महिन्यांचंच धर, कारण भाडेकरू बदलताना महिनाभर तरी घर रिकामं राहतं. आले 2 लाख 20 हजार. त्यातून मेंटेनन्स, मिळकत कर, बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते) आणि किरकोळ डागडुजी यांचे 45 हजार वजा कर. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. पण मालक स्वतः राहत असताना मिळकत करात मिळणारी 40 टक्के सवलत तुला मिळणार नाही, हे लक्षात घे. उरले पावणेदोन लाख, म्हणजे जेमतेम अडीच टक्के.

गृहकर्ज याच्या कितीतरी महाग असतं, तेव्हा भाड्यातून हप्ता सुटेल ही आशा सोड. शिवाय या किमतीच्या घराला बँक जास्तीत जास्त 80 टक्के देते आणि मुद्रांक, नोंदणी त्यात धरत नाही. घरचे साडेबावीस लाख हातात हवेत. इमारत चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे बँक कर्जाची मुदतही कमी करू शकते.

मग असा फ्लॅट घ्यावाच का? त्याखालच्या जमिनीसाठी. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न भाड्याचा नाही, अभिहस्तांतरणाचा आहे, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, याचा. मिळकत पत्रिकेवर किंवा सात-बारावर सोसायटीचं नाव लागलंय का ते बघ. अजून मूळ मालकाचं किंवा बिल्डरचं नाव असेल आणि सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डर सही देत नसला तरी सरकारी आदेशाने होणारं) अर्जही केला नसेल, तर पुनर्विकासाच्या गप्पांवर एक रुपयाही जास्त देऊ नकोस. सोसायटीऐवजी अपार्टमेंट असेल, तर डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटच्या मालकीचा दस्त) आणि त्यातला जमिनीतल्या अविभक्त हिश्शाचा टक्का तपास.

वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च घे आणि पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करार मूळ प्रतीत मागव. जुन्या घरांत हमखास निघणारी अडचण वारसांची. मूळ मालक वारले, सोसायटीने भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) नॉमिनीच्या नावावर केलं आणि नॉमिनीच विकायला निघाला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र असल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. किंमत 50 लाखांवर असल्याने विकणाऱ्याच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस (आगाऊ प्राप्तिकर) कापून भरणं तुझ्याकडे येतं. त्यांच्यातला एखादा वारस परदेशात स्थायिक असेल, तर त्याच्या हिश्शाला हा 1 टक्क्याचा नियम चालत नाही, कपात बरीच मोठी असते. ते आधी सीएला विचार.

आता घर. तू पाठवलेले फोटो रंग दिल्यानंतरचे आहेत, त्यातून काही कळत नाही. टोकन देण्याआधी खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची बेल वाजव आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघू दे म्हणून विनंती कर. तुझ्या बाथरूमची खरी प्रकृती तिथे दिसते: पिवळे डाग, पांढरा खार, पोपडे, गंजलेल्या सळईची तपकिरी रेघ. मग तुझ्या फ्लॅटच्या बाथरूमचं छत तसंच तपास, तिथे वरच्यांची गळती दिसेल. दोन फ्लॅटमधली गळती त्या दोन सदस्यांनी निस्तरायची असते, सोसायटी फक्त गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप बघते. म्हणजे खरेदीखत झालं की खालच्यांचं ओलं छत तुझ्या खर्चात येतं.

छतावर लाकडी दांड्याने ठोकून बघ. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, बद आवाज आला तर आतली सळई गंजून फुगली आहे आणि तिने काँक्रीटचं आवरण ढकललंय. त्यावर नुसतं प्लास्टर मारलं तर दोन पावसाळ्यांत ते पुन्हा सुटतं. सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडायचं, तारेच्या ब्रशने गंज पुरता काढायचा, गंजरोधक लेप द्यायचा, मग बाँडिंग कोट आणि पॉलिमर मॉर्टर. सळई बरीच झिजली असेल तर शेजारी नवी जोडावी लागते, आणि हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं, कंत्राटदाराने नाही. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल माग. 30 वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) दर 3 वर्षांनी व्हायला हवं. अहवालच नसेल तर किंमत पाडून मागायला ते चांगलं कारण आहे.

त्या काळच्या बऱ्याच इमारती लोडबेअरिंग आहेत, म्हणजे भार भिंतींवर असतो. 9 इंची भिंत म्हणजे वरच्या स्लॅबचा आधार. हॉल मोठा करायला ती फोडू नकोस, आणि वायरिंगसाठी कॉलम-बीममध्ये झिरीही (खाच) मारू देऊ नकोस.

5 लाखांतले निम्म्याहून जास्त पैसे बाथरूम, पाइप आणि वायरिंगवर जाऊ देत. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांत आतून गंज चढतो, अर्ध्या इंचाच्या पाइपातून पेन्सिलीएवढी धार उरते. सकाळी पहिल्यांदा नळ सोडला की तांबूस पाणी येतं, तीच खूण. गळका तुकडा तेवढा बदलला तर पुढच्या जुन्या आट्यावर (पेचाच्या सांध्यावर) गळायला लागतं, म्हणून फ्लॅटच्या आतली लाइन पूर्ण सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारं प्लास्टिक) कर. झिरी बुजवण्याआधी हातपंपाने दाब देऊन रात्रभर ठेव, सकाळी दाबाचा काटा खाली आलेला नसावा. भिंतीला मोजायची टेप लावून पाइपांचे फोटो काढून ठेव, पुढे ड्रिल मारताना कामी येतील.

बाथरूम करताना फरशीवर फरशी हा प्रस्ताव आला तर नाही म्हण. सगळं उकरून स्लॅब उघडा कर. स्लॅब धू, भेगा भर, पाइप भिंतीतून जातो तिथे न आकसणारं ग्राउट भर, जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई काढून घे. मग पॉलिमर-सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर फूटभर वर, शॉवरच्या बाजूला 6 फूट. नहाणी ट्रॅप बुजवून 48 तास पाणी भरून ठेव आणि दुसऱ्या दिवशी खाली जाऊन छत बघ. ही चाचणी झाल्याशिवाय गवंड्याला पुढचा हप्ता देऊ नकोस. फरशीखालच्या भरावात उकरलेलाच राडारोडा परत टाकायची सवय असते, ती तिथे उभं राहून मोड. तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. विटांचे तुकडे आणि मसाल्याचीच कोबा भर करून घे. फरशीला उतार 80 ला 1, म्हणजे 5 फुटांत पाऊण इंच. सांधे इपॉक्सी ग्राउटने भर.

वायरिंग दिव्यांना 1.5, पॉवर प्लगला 2.5 आणि गीझर-एसीला 4 चौरस मिलिमीटर, सगळी तांब्याची. मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). अर्थिंग चालू आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घे, कारण जुन्या घरांत हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि पुढे कशालाच जोडलेली नसते. भाडेकरूचं लहान मूल ओल्या हाताने गीझरचं बटण दाबणार आहे, इथे काटकसर करू नकोस.

हॉलमधली मोझॅक फरशी चांगली दिसतेय, ती पॉलिश करून ठेव. तिच्यावर मसाला पसरून टाइल बसवली तर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास बोजा वाढतो, अख्ख्या घराचा साडेचार टन. शिवाय दारं कापावी लागतात ती वेगळीच. स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा पुरे, सिंकखाली एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) नको. ओल्या भिंतीवर पुट्टी मारू नकोस. ओल कुठून येते ते बंद कर, प्लास्टर विटेपर्यंत काढ, भिंत वाळू दे, मग रंग. म्हणून हे काम पावसाळा संपल्यावरच काढ. सगळी बिलं जपून ठेव. भाड्याच्या उत्पन्नावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, दुरुस्तीची वेगळी मिळत नाही, पण सुधारणेचा खर्च विक्रीच्या वेळी भांडवली नफ्यातून वजा होतो.

भाडेकरू ओळखीचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. खर्चही नगण्य आहे. 24 महिने, 20 हजार भाडं, 60 हजार अनामत असेल तर मुद्रांक 0.25 टक्क्याने 1,230 रुपये आणि नोंदणी 1,000. पोलिसांकडे माहिती ऑनलाइन भर. चावी देताना वीजमीटरचं रीडिंग, पंखे, गीझर, नळ यांची यादी सहीनिशी कराराला जोड. मुदत संपायच्या दोन महिने आधी नव्या कराराचं बोलणं सुरू कर. करार संपूनही जागा सोडली नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते, पण त्यासाठीही आधी नोंदवलेला करार लागतो.

सर्च रिपोर्ट आणि मिळकत पत्रिका हाती आली की पाठव, मग किंमत किती मागायची ते ठरवू.

कळावे.