नोकरी मागू नकोस, काम विचार

प्रिय बाळा,

परवा लॅबमध्ये मोबाईल पुढे धरून तू मला लिंक्डइन दाखवत होतास, तेव्हा तुझ्या चहावर साय धरली होती. ५००+ कनेक्शन, साठ जणांना मेसेज, आणि उत्तर एकाचंही नाही. ‘मावशी, आमच्या घरात कुणी इंजिनिअर नाही, ओळख नाही. मला कोण विचारणार?’ म्हणालास आणि राधानगरीची एसटी चुकेल म्हणून उठलास. राहिलेलं आता लिहिते.

तुझा मेसेज वाचला. ‘रिस्पेक्टेड सर, काइंडली गिव्ह मी ऑपॉर्च्युनिटी.’ मलाही तोच आलाय, ‘सर’सकट. ज्याला हे मिळतं त्याला कळतं की यानं माझं नावसुद्धा वाचलेलं नाही. मग त्यानं तुझं का वाचावं?

आणि त्याच बैठकीत तू मला काय सांगितलंस, आठव. शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सुट्टीत महिनाभर होतास. सकाळच्या पहिल्या पेट्यांतच, म्हणजे साच्यांतच, कोल्ड शट (ओतीव तुकड्यातली न जुळलेली भेग) जास्त निघतात, हे तू वहीत रेघा मारून मोजलंस. लॅडल, म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं, नीट तापवलेली नसते, ओततानाच धातू निवतो, दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकजीव होत नाहीत. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. आणि प्रोफाइलवर काय लिहिलंस? ‘पॅशनेट, हार्डवर्किंग, क्विक लर्नर.’ हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, त्यात लॅडलचं एक अक्षर नाही. राग आला मला.

नोकरी मागू नकोस, काम विचार. समोरच्याच्या हातात नोकरी असेलच असं नाही, पण काम असतंच, आणि त्यातली अडचणही असते. लिंक्डइनवर तुझ्या कॉलेजच्या पानावर ‘ॲल्युम्नाय’ म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा भाग आहे, तो उघड. कोण कुठल्या गावात, कुठल्या खात्यात आहे ते दिसतं. कोइमतूर, राजकोट, बेळगाव, जिथं ओतकाम आहे तिथला आपला माणूस शोध. त्यानं काय केलंय ते वाच आणि कनेक्शनच्या विनंतीसोबतच्या नोटमध्ये दोनच ओळी लिही: ‘पहिल्या पेट्यांत कोल्ड शट मोजले, लॅडल गार असल्याचा संशय आहे. तुमच्याकडे लॅडल किती वेळ तापवतात?’ बस. बायोडेटा जोडू नकोस. माणूस कोल्हापूरचा असेल तर सरळ मराठीत लिही. उत्तर आलं तर त्याप्रमाणे करून बघ आणि काय झालं ते महिन्यानं कळव. ओळख त्या दुसऱ्या पत्रानं होते.

हे मी कशाच्या जोरावर सांगते? १९९६ साली पुण्याच्या एका प्रदर्शनात एसजी आयर्नमधल्या (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते ओतीव लोखंड) एका जाणत्या माणसानं माझ्या प्रश्नावर अर्धा तास बोलून मला कार्ड दिलं. घरी येऊन मी त्यांना चार ओळींचा नोकरीचा अर्ज पाठवला. ‘सध्या जागा नाही’ असं सभ्य उत्तर आलं आणि संपलं. पुढं आमच्या कारखान्यात हे गोळे घडवणाऱ्या मॅग्नेशियमचा असर ओतण्याआधीच उतरायचा, ग्रॅफाइटचे गोळे बिघडायचे. नेमका वेळ कुठं जातो ते सापडायला मला दीड वर्ष लागलं. त्यांनी एका पत्रात सांगितलं असतं. मी विचारलंच नाही, कारण एकदा नोकरी मागून नकार घेतल्यावर पुन्हा लिहायला तोंड राहिलं नव्हतं. वडील अंथरुणाला खिळले होते, पगार हवा होता. त्या वयात दुसरं काय सुचणार? कोल्हापूर सोडायची मला भीती वाटली असं अजून लोक म्हणतात. भीती नव्हती. घर होतं. पण ते कार्ड अजून माझ्या कंपासपेटीत आहे.

म्हणून ‘ओळख नाही’ हे मला सांगू नकोस. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ सालीच मांडलं होतं की नव्या कामाची खबर जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. जवळच्यांना तेच माहीत असतं जे तुला माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच सुमारे २ कोटी लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही लांबच्या ओळखीच जास्त कामाला आल्या. अगदी परक्या नव्हेत, थोड्या लांबच्या. तुझ्या कॉलेजचा दहा वर्षांपूर्वीचा मुलगा म्हणजे नेमकी तशी ओळख.

एक मात्र बजावते. फाउंड्रीतला फोटो, पार्टचं ड्रॉइंग, गिऱ्हाइकाचं नाव मालकाला विचारल्याशिवाय टाकायचं नाही. तुझे आकडेसुद्धा त्यांना दाखवून मगच लिही. आणि ट्रेनिंग फी, डिपॉझिट, ऑफर लेटरचा खर्च म्हणून कुणी एक रुपया जरी मागितला तरी तिथंच ब्लॉक कर. गरजू पोरांनाच हे लोक गाठतात.

शनिवारी चारनंतर लॅबला ये. रेघांची ती वही आण. एकच माणूस निवडून ये, त्याला लिहायची नोट माझ्यासमोर लिही. चहा गार होऊ देणार नाही.

तुझी,
मावशी