घर ही गुंतवणूक : परताव्याचा खरा हिशेब

प्रश्न : पुण्यात 80 लाखांचा जुना टूबीएचके घेतोय. भाडं 25 हजार येईल. परतावा पावणेचार टक्के धरू का?

नको. घर 80 लाखांना पडतच नाही. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 5.60 लाख (खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर 6 टक्के). नोंदणी 30 हजार, दलाली एक टक्का धरून 80 हजार, आणि रंग, ट्रॉल्या, पंखे, गीझर यांवर तीन-साडेतीन लाख. झाले 90 लाख.

आता भाडं. भाडेकरू बदलताना महिनाभर घर रिकामं राहतंच, म्हणून 11 महिने धरा : 2.75 लाख. मेंटेनन्स 36 हजार, बिनभोगवटा शुल्क 3 हजार (घर भाड्याने दिल्यावर सोसायटी घेते ते; तिला सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही), मालमत्ताकर 18 हजार, दलाली आणि करारनोंदणी 12 हजार, दुरुस्ती 6 हजार. स्वतः राहणाऱ्याला मालमत्ताकरात मिळणारी 40 टक्के सवलत भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही, हे बरेच जण विसरतात. हातात राहिले 2 लाख. म्हणजे 2.2 टक्के, तेही प्राप्तिकराच्या आधी.

प्रश्न : 60 लाख कर्ज काढलं तर? भाड्यातून हप्ता निघेल ना?

निघणार नाही. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता सुमारे 52 हजार. पहिल्या वर्षी व्याजच पाच लाखांवर जातं आणि निव्वळ भाडं 2 लाख. उरलेले तीन लाख भरून निघायलाच घराची किंमत वर्षाला जवळपास 4 टक्के वाढायला हवी. तुमच्या स्वतःच्या 30 लाखांवर तोवर एक रुपयाही सुटलेला नसतो. नव्या करप्रणालीत या व्याजाचा तोटा पगारातून वजा होत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : जून 2013 मध्ये 50 लाखांना घेतलेला फ्लॅट जून 2025 मध्ये एक कोटीला विकला. दुप्पट झाले. चांगला सौदा ना?

बारा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला 6 टक्के. खर्चासह खरेदी 54 लाख आणि विक्रीची दलाली वजा जाता 99 लाख धरले, तर सव्वापाचच्या आत. करात मात्र घाई करू नका. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला करासाठी भारतात निवासी ठरणाऱ्या व्यक्तीला दोन पर्याय आहेत. सरळ 12.5 टक्क्यांनी 45 लाखांच्या नफ्यावर 5.6 लाख कर होतो. खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरणारा महागाई निर्देशांक (220 वरून 376) लावला तर खरेदी 92.3 लाख ठरते, आणि 20 टक्क्यांनी कर फक्त 1.34 लाख. अधिभार, उपकर वेगळे. मुद्रांक शुल्काची पावती जपली असेल तरच ते 54 लाख दाखवता येतात.

प्रश्न : बांधकाम सुरू असलेलं घर स्वस्त पडतं का?

दर कमी दिसतो, पण 5 टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या गटात 1 टक्का). पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो नसतो. ताब्यापर्यंत भाडं शून्य आणि व्याज सुरूच. महारेराच्या (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) संकेतस्थळावर पूर्णत्वाची तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली ते पाहा. दर नेहमी कार्पेट क्षेत्रफळावर (घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर) काढा.