विचारा काकांना : मॉरिशसचा ज्वालामुखी आणि सासूबाईंचं जेवण

प्रश्न : काका, सप्टेंबरात मॉरिशसला जायचं चाललंय, आम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. एजंटने सगळे दिवस एकाच बीच रिसॉर्टचं पॅकेज दिलंय. मुलाला ज्वालामुखी बघायचाय, सासूबाईंना अंडंसुद्धा चालत नाही, आणि मला वाटतं नुसता समुद्र बघायला एवढा खर्च कशाला?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : वहिनी, ते पॅकेज आधी अर्धं करा. दोन-तीन दिवस समुद्र पुरे, बाकीचे दिवस गाडी ड्रायव्हरसकट घ्या नि बेटाच्या आत शिरा, कारण अख्खं बेटच ज्वालामुखीतून वर आलंय, साधारण ८० लाख वर्षांपूर्वी. मुलाला जायच्या आधी आपल्या इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याला न्या, तिथला काळा दगड दाखवा. आपला माळवा ज्या लाव्हावर बसलाय तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की तो ज्या हॉटस्पॉटमधून, म्हणजे जमिनीखाली खोल एकाच जागी तापलेल्या भट्टीतून, आला त्यानेच पुढे मालदीव, मॉरिशस आणि रियुनियन घडवलं. म्हणजे जमीन वरून सरकत गेली आणि खालची भट्टी तिथंच राहिली, पोरगं शाळेत भाव खाईल बघा.

पण धगधगता लाव्हा मॉरिशसला नाही हं, तो शेजारच्या रियुनियनला. ते फ्रान्सचं बेट, युरोपचा शेंगेन व्हिसा तिथं चालत नाही, नियम वेगळे, तेव्हा एजंट म्हणाला "हो जाईल" तरी स्वतः चौकशी करा. मॉरिशसला क्यूरपीप गावात त्रू ओ सेर्फ नावाचं विवर आहे, आत झाडी माजलीय, तळाशी पाणी, आणि काठावरच्या गोल रस्त्यावर लोक सकाळी आरामात वॉक घेतात. तिथं पाऊस कधीही येतो, जॅकेट ठेवा. गंगा तलावसुद्धा विवरातच साठलेलं पाणी, काठाला १०८ फुटी शंकर, सासूबाई खूश.

शामारेलची सात रंगांची माती मात्र नक्की बघा. बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा तोच काळा दगड, कुजून चिकणमाती झाली, त्यातलं लोखंड नि ॲल्युमिनियम राहिलं, त्यामुळे लाल, तपकिरी, जांभळट टेकाडं, वर गवताची काडी नाही. आत जाऊ देत नाहीत, कठड्याबाहेरून बघायचं, अर्ध्या तासात होतं, ऊन असताना जा नाहीतर फोटो मळकट येतात. पलीकडे ल मोर्न डोंगर आहे, मालकांच्या तावडीतून पळालेले गुलाम तिथं लपायचे, २००८ पासून तो जागतिक वारशात आहे. आणि पोर्ट लुईचा आप्रवासी घाट चुकवू नका, आपल्याकडून ऊसाच्या मळ्यांत नेलेले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, याच ठिकाणी उतरले, त्यांच्यात कोकणातली मराठी माणसंही होती. माझ्या मते बीचपेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

खाण्याची काळजी सोडा. रस्त्यावर ढोल पुरी मिळते, पुरणपोळीतला गूळ काढून टाकलात तर जे उरेल तसं काहीतरी, दोन पातळ पुऱ्या एकावर एक, आत वालाचा रस्सा, रुगाय म्हणजे टोमॅटोचा घट्ट रस्सा, चटणी आणि वर मिरचीचा ठेचा, कागदात गुंडाळून देतात, उभ्याउभ्या खायचं. ठेचा आधी चाखून बघा! गातो पिमां म्हणजे डाळीची मिरची घातलेली भजी, तीही चालतील. पण नूडल्स, डंपलिंग घेताना विचारूनच घ्या, चिनी स्वयंपाकाचाही तिथं जोर आहे आणि मासे-मांस सहज असतं.

प्रश्न : सप्टेंबरात तिथं गणपती बघायला मिळतो म्हणे, खरं का? आणि हवा कशी असते?
— एक वाचक, स्नेहनगर, इंदूर

उत्तर : अगदी खरं, गणेश चतुर्थीची तिथं सरकारी सुट्टी असते, फक्त तिथी बघून तिकीट काढा, कधी ऑगस्टमध्येच येते. बहुतेकांचं विसर्जन दुसऱ्याच दिवशी होतं, आपल्यासारखे दहा दिवस धरून गेलात तर हात हलवत परत याल. हवा छान, तिथला हिवाळा संपत आलेला, क्यूरपीपची बाजू सोडली तर फारसा पाऊस नाही, चक्रीवादळांची भीती जानेवारी-मार्चमध्ये जास्त. दक्षिणेला बे द्यू कापला विसर्जन होतं, तेव्हा त्या दिवसापुरता मुक्काम ल मोर्नच्या बाजूलाच ठेवा, उत्तरेच्या हॉटेलातून निघालात तर अर्धी सकाळ गाडीतच जाईल.