दार बंद करण्याआधी

प्रिय मित्रा,

चाकणहून हॅम्बुर्गला जाणाऱ्या मशिनिंग केलेल्या स्टील पार्टचं पॅकिंग बाहेर दिलंय आणि देखरेख तुझ्याकडे आलीय, असं कळवलंस. नग मोजायला ठेकेदार पुरे आहे. तू गंजावर लक्ष ठेव. तो न्हावा-शेवा बंदरात दिसत नाही, ग्राहकाने बॅग फाडली की दिसतो.

वॉशिंगमधून पार्ट गरम निघतो. तसाच व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या) बॅगेत घातला की थंड होताना बॅगेच्या आत दव धरतं. म्हणून आधी शॉपच्या तापमानाला येऊ दे, मग रस्ट प्रिव्हेंटिव्ह (गंजरोधक) ऑइल, मग बॅग. हातमोज्यांशिवाय कुणाला हात लावू देऊ नकोस. घामातल्या मिठाने गंज चढतो तो बोटाच्या ठशासारखाच, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. जेवणाच्या सुट्टीत अर्धी भरलेली बॅग उघडी राहते, तिथेही बघ.

पॅलेटवरच्या (माल रचायच्या लाकडी पाटावरच्या) एचटी, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केल्याच्या, शिक्क्यावर विसंबू नकोस. लाकडाचा गाभा 56 अंशांवर 30 मिनिटं ठेवला, एवढंच तो सांगतो; ते किडीसाठी. जुलैत यार्डात भिजलेल्या पॅलेटवरही तो शिक्का असतोच. मॉइश्चर मीटरच्या सुया ठोकळ्यात दोन-तीन ठिकाणी खुपस. 20 टक्क्यांच्या वर आकडा आला तर पॅलेट परत. तेच पाणी बंद कंटेनरमध्ये दिवसा वाफ होतं आणि रात्री छतावरून मालावर ठिबकतं. डिसेंबर 2023 पासून बरीच जहाजं तांबडा समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. तुझं जहाज त्या वाटेने जाणार असेल तर दीड-दोन आठवडे जादा धर आणि डेसिकंटही (ओल शोषणाऱ्या पिशव्या) त्या मानाने वाढव.

रिकाम्या कंटेनरमध्ये स्वतः आत जा, दारं बाहेरून लावून घे. अंधारात उजेडाचा ठिपका दिसला की कंटेनर बदलून माग.

वीस फुटी कंटेनरमध्ये 1200 बाय 1000 मिमीची 10 पॅलेट एका थरात बसतात, पण स्टीलमध्ये जागेआधी वजनाची मर्यादाच संपते. व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन) बेरजेने काढत असाल तर पॅलेट आणि आधाराचं लाकूड सुटतं, आणि टेअर (रिकाम्या कंटेनरचं वजन) अंदाजे धरलं जातं. टेअर त्याच कंटेनरच्या दारावर लिहिलेलं असतं, ते घे.

ठेकेदाराला दर नगामागे असेल तर तो गरम पार्ट भरणारच; घाईचेच पैसे मिळतायत त्याला. दर तपासून पास झालेल्या पॅलेटमागे लावून घे. ओल्या पॅलेटचा खर्च कुणाचा, तेही करारात लिही. आणि प्रत्येक कंटेनरचे चार फोटो ठेव: मीटरचा आकडा, रिकामा आतला भाग, भरलेला माल, सीलचा नंबर.

तुझा,
काका