कप्तानी मागच

बाळा,

तुझा मेसेज वाचला. ‘सर, विकेटा मिळतायत, मग कप्तानीचा विषय काढून वाईट कशाला व्हायचं? रॉबिन्सनही गप्पच राहिला ना?’

अर्धवट ऐकून मोठ्या माणसांची साक्ष काढू नकोस. जॅकी रॉबिन्सन, अमेरिकेतल्या बेसबॉलच्या बड्या, गोऱ्यांच्या लीगमध्ये खेळलेला त्या काळातला पहिला काळा खेळाडू, 1947 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला, तेव्हा शिव्यांना उलट उत्तर द्यायचं नाही, असं संघाचा कारभारी ब्रँच रिकीशी ठरलं होतं. ते सुरुवातीपुरतं. पुढे तो चांगला भांडला. ऑक्टोबर 1972 मध्ये वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, मैदानावर त्याचा सत्कार झाला. डोळे अधू झालेले. तरी आभार मानता मानता सुनावलंच, की संघ चालवणारा काळा माणूस बघायचाय. नऊ दिवसांनी गेला. तसा पहिला काळा मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, आला 1975 मध्ये. जॅकीला खेळायला मिळाल्यावर 28 वर्षांनी! म्हणून म्हणतो, कप्तानी माग.

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचं? आपला पळवणकर बाळू, दलित घरातला फिरकी बोलर. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी. पुण्यात मात्र चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. बोलिंग चालते, कप विटाळतो! तेव्हा मुंबईत धर्मावर संघ पडायचे; त्यातल्या हिंदू संघाची कप्तानी त्याला रीतसर कधी दिलीच नाही. भाऊ विठ्ठल 1923 मध्ये कप्तान झाला, पण त्याआधी 1920 मध्ये विठ्ठल आणि शिवराम हे बाळूचे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर बसले होते. अडून बसावं लागतं रे.

परवा सेंट्रल मैदानावर कडेला उभा होतो. नवा बॅट्समन, बॉल हातभर वळतोय, तू शॉर्ट लेग, बॅट्समनच्या अगदी जवळचा फील्डर, मागितलास. त्या कप्तान पोराने फील्डर लांब, बाउंड्रीजवळ लाँग ऑनला धाडला. तू मुकाट रन-अपला परतलास. असा संताप आला! बोलिंग तुझी आणि फील्ड दुसऱ्याची?

मला आमच्या क्लबाने वर्षानुवर्षं उपकप्तान ठेवलं. शेवटी किट उचललं आणि निघालो. आखडू होता, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं ठाण्यात अजून बोलतात. बोलू देत. पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या दिवसांत, ओल्या विकेटवर बॉल थांबून यायला लागला की हात शिवशिवतात, हे खरं. पण तिथेच कुजत राहिलो असतो, तर तुला हे लिहायला तोंड उरलं नसतं.

असो. रविवारच्या मीटिंगआधी सेक्रेटरींना लेखी अर्ज दे. तोंडी बोललास तर ‘बघू’ म्हणून वाटेला लावतील. आणि पोच घेतल्याशिवाय हलू नकोस.